अठराव्या शतकातले काल्पनिक तुरुंग: वॉटरकलरमध्ये ते का आणि कसे रंगवले गेले

प्रश्न थोडक्यात असा होता. परदेशी म्युझियमांच्या ऑनलाइन संग्रहात ‘काल्पनिक तुरुंगाचा अंतर्भाग, अठरावं शतक, पेन, ब्राउन शाई, वॉटरकलर’ अशा नोंदीची चित्रं सारखी दिसतात, चित्रकाराचं नाव बऱ्याचदा नसतंच. मग एवढे लोक खोटे तुरुंग का रंगवत होते, ही सगळी पिरानेसी या इटालियन चित्रकाराची नक्कल आहे का, आणि आज असं एखादं चित्र करून बघायचं तर सुरुवात कुठून करायची? मी वॉटरकलर आणि नेपथ्य दोन्ही करतो, पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट कागदावर खोली दाखवायची पद्धत, शिकवतो, आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी मुद्द्याचं सांगतो. यातली बहुतेक चित्रं तुरुंगाबद्दल नाहीतच, ती रंगमंचाबद्दल आहेत. त्या काळात इटलीत आणि इटालियन ऑपेरा जिथे जिथे पोचला तिथे गंभीर ऑपेरात तुरुंगाचा प्रवेश हा जवळजवळ ठरलेला असायचा. राजपुत्रावर खोटा आळ येतो, त्याला कोठडीत टाकतात, तिथे तो एकटा गातो, आणि प्रेक्षक त्या गाण्याची वाट बघत बसलेले असतात. ऑपेराच्या संहिता लिहिणाऱ्या मेटास्टासिओच्या ‘आर्तासेर्से’त, १७३० सालची गोष्ट, तिसरा अंक उघडतो तोच किल्ल्याच्या आत, आर्बाचे कैदेत आहे, समोर गजांची दारं आणि उजव्या हाताला एक छोटा दरवाजा, ज्यातून वर राजवाड्याकडे जाता येतं, असं संहितेतच लिहिलंय. संगीतकार हँडलच्या ‘रोदेलिंदा’ या ऑपेरात, लंडन, १७२५, तर कोठडीचा अंधार हा कथानकाचाच भाग आहे, कारण बंदिवान राजा बेर्तारिदो अंधारात आपल्याच निष्ठावंत माणसावर तलवार चालवतो. म्हणजे नेपथ्यकाराला अंधार दाखवावा लागायचा, गज दाखवावे लागायचे, आणि कुठेतरी वर नेणारा एक जिना, कारण तिथूनच सुटका करणारा माणूस येणार असतो. आता परत त्या अनामिक चित्रांकडे बघा, मोठी कमान, खाली अंधार, समोर गजांचं दार, बाजूला वर जाणारा चिंचोळा जिना. बरीचशी चित्रं अशा प्रवेशांसाठीचे आराखडे आहेत, किंवा आराखडे काढून काढून हात बसलेल्या माणसांनी स्वतःच्या हौसेसाठी केलेले खेळ आहेत.

नाटकघरं दर वेळी सगळे सेट नवे करायची नाहीत. महालाचं दालन, बाग, बंदर, छावणी, तुरुंग असे ठरलेले सेट साठ्यात असायचे आणि तेच फिरवून वापरले जायचे. आपल्याकडे संगीत नाटकांच्या काळात रस्त्याचा, जंगलाचा, महालाचा असे पडदे कंपनीबरोबर गावोगाव फिरायचे ते माहीत असलेल्यांना हे लगेच कळेल, आणि तो संबंध खराही आहे, कारण विंगा (स्टेजच्या दोन्ही बाजूंचे उभे रंगवलेले पडदे) आणि मागचा रंगवलेला पडदा ही रचना पारशी रंगभूमीमार्फत युरोपातूनच आपल्याकडे आली. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर असे पडदे रंगवूनच आधी नावाजले होते.

पण मग साठ्यातल्या सगळ्या सेटांमध्ये तुरुंगाचंच एवढं वेड का? माझं मत सांगतो आणि ते हाताने काम करून झालेलं मत आहे. महाल रंगवायचा म्हणजे खांबांची शीर्षं, कोरीव पट्ट्या, पुतळे, फुलांच्या माळा, झुंबरं, हे सगळं नियमात बसवून काढावं लागतं, आणि एक जरी खांब प्रमाणात चुकला तरी जाणकार बोट ठेवतात. तुरुंगाला यातलं काहीच नको. घडीव दगड, कमान, जिना, गज, साखळदंड, बस. सजावट गेली की उरतं काय तर वस्तुमान, उजेड आणि खोली. त्या काळच्या वास्तुचित्रकाराला इतकं मोकळं रान दुसऱ्या कुठल्याच विषयात मिळत नव्हतं, आणि ब्राउन वॉशने, म्हणजे पाण्यात पातळ केलेली शाई ब्रशने पसरवून, भराभर काम करणाऱ्याला तर हा विषय म्हणजे पर्वणीच, कारण वॉश जे सगळ्यात चांगलं करतो, सपाट सावलीपासून हळूहळू उजेडाकडे जाणं, नेमकं तेच इथे लागतं.

आता पर्स्पेक्टिव्हकडे येऊ, कारण या चित्रांची खरी ताकद तिथे आहे. सतराव्या शतकात सेट सरळ समोरून बघायचे असायचे, मधोमध एक व्हॅनिशिंग पॉइंट (लांब जाणाऱ्या समांतर रेघा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू), दोन्ही बाजू सारख्या, आणि सगळं बरोबर दिसणारी जागा एकच, राजाची. बोलोन्याच्या बिबिएना या नेपथ्यकार घराण्यातल्या फेर्दिनांदोने १७११ साली पार्मामध्ये वास्तुकलेवर पुस्तक छापलं आणि त्यात कोनातून बघायची पद्धत व्यवस्थित मांडली. इमारतीचा कोपरा प्रेक्षकाकडे वळवायचा, त्यामुळे दोन व्हॅनिशिंग पॉइंट होतात आणि दोन्ही रंगमंचाच्या बाहेर कुठेतरी पडतात. याचा परिणाम विलक्षण होतो. चौकटीत इमारतीचा फक्त एक तुकडा मावतो, खांब वर जातात ते छत दिसायच्या आतच कापले जातात, कमान बाजूला सुरू होते ती चौकटीबाहेर संपते, आणि बघणाऱ्याचं मन उरलेली इमारत आपोआप बांधत राहतं. छोट्या स्टेजवर प्रचंड जागा दाखवायचा हा त्यांचा मार्ग होता. महालात हे भव्य वाटतं. तुरुंगात तेच गुदमरवणारं होतं, कारण शेवट कुठेच दिसत नाही, बाहेर पडायची वाट कुठली तेही कळत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची, आणि ही फारशी कुणी सांगत नाही. त्या काळच्या नाटकघरात विंगांच्या मागे, प्रेक्षकांना दिसणार नाहीत असे तेलाचे दिवे किंवा मेणबत्त्या लावलेल्या असायच्या. पुढच्या विंगेमागचा दिवा त्याच्या मागच्या विंगेला उजळायचा. त्यामुळे प्रेक्षकाला सगळ्यात पुढची कमान काळोखी दिसायची, तिच्या मागचा थर उजळ, मग परत काळोख, परत उजेड. आता कुठलंही चांगलं काल्पनिक तुरुंगाचं वॉटरकलर उघडा आणि डोळे बारीक करून बघा, पुढे जवळजवळ सपाट गडद कमान, तिच्यातून दिसणारा मधला भाग उजळ, मागे एक मध्यम टोनचा खांब, आणि अगदी मागे जेमतेम पाणी फिरवल्यासारखा फिका वॉश. हे दिव्यांच्या जागांचं गणित आहे. चित्रात झरोका दाखवलेला असला तरी कित्येकदा उजेड त्याच्याशी जुळत नाही, तो बाजूच्या विंगेमागून येत असतो, आणि असं दिसलं की मी समजतो की हात नेपथ्यकाराचा आहे.

या पद्धतीतलं फिलिप्पो युवाराचं काम मला सगळ्यात आवडतं. मेसिनाचा माणूस, रोमला १७०८ पासून काही वर्षं कार्डिनल ओत्तोबोनीच्या खासगी थिएटरसाठी सेट करत होता, पुढे तूरिनमध्ये मोठा आर्किटेक्ट झाला. त्याची रेखाटनं पेनने झरझर काढलेली, वर ब्राउन किंवा करडा वॉश, रेघा थरथरत्या, कमानीमागे कमान, तिच्यामागे जिना. त्याच्या थोडं आधी दानिएल मारोने १७०२ मध्ये आमादिस या शूरकथेतल्या नायकाच्या तुरुंगाचा देखावा एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर ॲसिडने कोरून छापलेल्या चित्रात) केला होता. शतकाच्या शेवटाकडे पिएत्रो गोंझागा येतो, मिलानच्या ला स्कालामध्ये काम करून १७९२ मध्ये रशियात गेला, त्याच्या हातात वॉश आणखी ढगाळ, आणखी मोकळा होतो. फ्रेंच नेपथ्यकार देप्रे हा १७८४ मध्ये स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याने रोमहून बोलावून घेतलेला माणूस, त्याच्या वॉटरकलरमध्ये रंगही येतो आणि अंधारात एक प्रकारचा हिरवट थंडपणा येतो जो मला फार परिणामकारक वाटतो.

आता पिरानेसी. त्याच्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही, पण त्याला योग्य जागी ठेवायला हवं. त्याचा जन्म १७२० चा, व्हेनिसच्या मुलखातला, वास्तुकला आणि नेपथ्य दोन्ही शिकलेला, १७४० मध्ये रोमला आला. १७४३ च्या पहिल्याच संग्रहात त्याने एक अंधारा तुरुंग काढला आणि तो सरळसरळ नाटकाचा सेट आहे, नीट आखलेला, नियमात बसणारा. मग १७५० च्या आसपास चौदा प्लेट्सची ‘कार्चेरी’, म्हणजे ‘तुरुंग’, ही मालिका आली. ही वॉटरकलर नाही, एचिंग आहे, तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडने केलेलं, आणि छापलेलं एकाच शाईत, त्यामुळे इंटरनेटवर रंगीत ‘कार्चेरी’ दिसल्या तर तो रंग नंतर कुणीतरी चढवलेला आहे एवढं ध्यानात ठेवा. पहिल्या आवृत्तीतल्या रेघा हलक्या, भरभर, जवळजवळ चित्रकाराच्या वहीतल्या. १७६१ मध्ये त्याने त्याच प्लेट्स परत हातात घेतल्या, दोन नव्या घालून सोळा केल्या, आणि सगळं गडद करून टाकलं, जास्त तुळया, जास्त दोरखंड, जास्त साखळ्या, मागे आणखी कमानी, आणखी पूल.

सातवी प्लेट मोठी करून बघा. मध्ये एक प्रचंड गोल बुरूज, त्याच्याभोवती फिरत वर जाणारा जिना, वर साखळ्यांनी ओढलेला उचल-पूल, आणि त्या जिन्यावर माणसं इतकी लहान की आधी दिसतच नाहीत. दिसली की मग बुरुजाचा आकार अंगावर येतो. आणखी एक, या माणसांतली बहुतेक कैदी वाटत नाहीत, ती फिरतायत, कठड्यावरून वाकून बघतायत, हात करून काही दाखवतायत. मोठ्या आकाराचे बांधलेले कैदी दहाव्या प्लेटमध्ये येतात, तिथे ते जवळ आहेत म्हणून चित्राचा भावच बदलतो. पिरानेसीने नेपथ्याची सगळी युक्ती घेतली आणि तिच्यातला रंगमंच काढून टाकला, म्हणजे सेट बांधता येईल ही अटच सोडून दिली. जिने अशा ठिकाणी जातात जिथे पोचता येणार नाही, खांब ज्या कमानीला टेकलाय असं वाटतं ती कमान दुसऱ्याच थरात निघते. दुसऱ्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तो स्वतःला व्हेनिसचा आर्किटेक्ट म्हणवतो, आणि प्रत्यक्षात त्याच्या नावावर म्हणण्यासारखी एकच वास्तू आहे, रोममधल्या आव्हेंतीन टेकडीवरचं सांता मारिया देल प्रिओरातो चर्च, जिथे तो पुरलेलाही आहे. बांधायला न मिळालेलं सगळं त्याने पत्र्यावर बांधलं असं मला तरी वाटतं.

त्यामुळे प्रश्नातल्या नकलेच्या मुद्द्याला उत्तर असं: १७५० च्या आधीची चित्रं अर्थातच त्याची नक्कल नाहीत, तोच त्या परंपरेतून आलाय. १७६१ नंतरच्या चित्रांत मात्र त्याची छाया जवळपास टाळता येत नाही. इंग्लंडमध्ये तर विचारवंत एडमंड बर्कने १७५७ मध्ये भय, अंधार आणि अफाटपणा यांतून येणाऱ्या भव्यतेबद्दल लिहून ठेवलेलंच होतं, त्यामुळे तिथल्या लोकांच्या हातात पिरानेसीचे प्रिंट पडले तेव्हा त्यांचा डोळा तयार होता. पुढे इंग्लिश चित्रकार टर्नर लंडनच्या रॉयल अकॅडमीत पर्स्पेक्टिव्हचा प्राध्यापक झाला, १८११ पासून लेक्चर द्यायला लागला, आणि त्यासाठी त्याने जे मोठमोठे तक्ते रंगवले त्यात तुरुंगाच्या अंतर्भागाचं एक वॉटरकलर आहे, पिरानेसीच्या तुरुंगावरून केलेलं. ते लंडनच्या टेट म्युझियमच्या संग्रहात ऑनलाइन बघता येतं आणि शिकणाऱ्याने ते बघावंच, कारण पिरानेसीच्या रेघांचं टर्नरने वॉशमध्ये काय केलं हे तिथे स्पष्ट दिसतं.

खरे तुरुंग कसे होते हेही माहीत असू दे. तुरुंग सुधारक जॉन हॉवर्डने इंग्लंड आणि वेल्समधले तुरुंग पालथे घातले आणि १७७७ मध्ये सगळं छापलं. लहान, ओल्या, कोंदट खोल्या, माणसं कोंबलेली, तापाने मरणारी, आणि खिडक्यांवर कर होता म्हणून जेलरने बुजवलेल्या खिडक्या. प्रचंड कमानी वगैरे काही नाही. फ्रेंच चित्रकार ह्यूबेर रोबेरचं उदाहरण तर मला विसरताच येत नाही. तरुणपणी रोममध्ये दहा-अकरा वर्षं राहून त्याने भग्न वास्तू, भुयारं, अवाढव्य घुमट मनसोक्त रंगवले, पिरानेसीला तो ओळखत होता. १७९३ मध्ये क्रांतीच्या धामधुमीत पॅरिसमध्ये त्यालाच पकडलं, आधी सेंट-पेलाजी, मग सेंट-लाझार. तिथे तो रंगवत राहिला, जेवणाच्या थाळ्यांवरसुद्धा. आणि काय रंगवलं, तर लांब कॉरिडॉर, त्यात उभे असलेले लोक, अंगणात चेंडू खेळणारे कैदी. भव्यता त्याने आणली नाही, रोजचं जगणं आणलं. कल्पनेतल्या तुरुंगाला माणसं नको असतात आणि खऱ्या तुरुंगात माणसांशिवाय काहीच नसतं, हे त्याच्या दोन काळांतली चित्रं शेजारी ठेवली की दिसतं.

आता स्वतः करायचं असेल तर. रंगापासून सुरुवात करा. जुना ब्राउन म्हणजे बऱ्याचदा बिस्टर, लाकडाच्या, खास करून बीच झाडाच्या काजळीपासून काढलेला, गावाकडे चुलीच्या वर आढ्याला जी तेलकट काजळी चिकटते ना तशीच वस्तू उकळून, गाळून, डिंकात बांधलेली. पारदर्शक आणि उबदार असतो. सेपिया, म्हणजे माकुळाच्या शाईचा तपकिरी रंग, जास्त प्रमाणात आला तो शतकाच्या शेवटी शेवटी, आणि तो जरा थंड दिसतो. आज बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात थोडा निळा अल्ट्रामरीन घातला की काम भागतं, काळा अजिबात नको, काळ्याने सावली मरते. कागद शक्यतो हॉट प्रेस्ड (गुळगुळीत पृष्ठभागाचा), चांगला जाड, बोर्डावर ताणून बसवलेला. त्या काळी आधी जाळीच्या रेघा दिसणारा कागद असायचा, गुळगुळीत कागद व्हॉटमनच्या गिरणीने १७५७ च्या सुमारास आणला आणि चित्रकारांपर्यंत तो पुढच्या काही दशकांत पोचला, वड्यांच्या रूपातले रंग रीव्ह्ज बंधूंनी १७८० च्या आसपास. म्हणून आधीची चित्रं मुख्यतः एकरंगी शाईची आणि नंतरची रंगीत, असा ढोबळ फरक दिसतो.

आखणी करताना होरायझन लाइन (बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीची आडवी रेघ) खाली ठेवा, चित्राच्या उंचीच्या पाचव्या-सहाव्या भागावर, आणि माणसांची डोकी त्या रेषेवर येऊ द्या, म्हणजे बघणाराही त्यांच्याचबरोबर जमिनीवर उभा राहतो आणि वास्तू डोक्यावर चढते. दोन्ही व्हॅनिशिंग पॉइंट कागदाबाहेर जाणार, तर मोठ्या टेबलावर बोर्ड चिकटवा, दोन टाचण्या टोचा आणि दोरा ताणून रेघा घ्या, पट्टीपेक्षा ते सोपं जातं. कमानीला बहुतेकांची गडबड होते. आधी तिच्याभोवती पर्स्पेक्टिव्हमधला चौकोन काढा, कर्ण काढून मध्य शोधा, मग माथा कुठे येतो ते ठरतं, आणि तो डोळ्याला वाटतो त्या मधावर येत नाही, लांबच्या बाजूला सरकलेला असतो. दगडांचे सांधे सगळे कमानीच्या केंद्राकडे जायला हवेत, नाहीतर कमान कागदाची वाटते.

वॉश एकदम गडद लावू नका. फिक्या वॉशचे थर, प्रत्येक थर पूर्ण सुकल्यावर पुढचा, आणि उजेडासाठी कागद कोरा सोडायचा. सगळ्यात महत्त्वाची जागा कमानीचा आतला, खालून दिसणारा भाग. शिकाऊ माणूस तो सरसकट काळा करतो. प्रत्यक्षात खालच्या फरशीवर पडलेला उजेड उसळून तिथे पोचतो, म्हणून तो भाग समोरच्या सावलीतल्या भिंतीपेक्षा उजळ असतो आणि वर माथ्याकडे जाताना हळूहळू गडद होतो. हा एक उतरता वॉश बरोबर बसला की दगडाला जाडी येते आणि चित्र हवेने भरतं. पडलेल्या सावल्यांच्या कडा वस्तूजवळ धारदार ठेवा, लांब जातील तशा पाण्याने मऊ करा. पेनची रेघ शेवटी, आणि फक्त पुढच्या थरात जोरकस, मागच्या कमानींना रेघ जवळजवळ नकोच, तिथे वॉशची कडच रेघेचं काम करते. दोरखंड, साखळ्या, कप्प्या यांचा मोह आवरा, एखादी साखळी पुढच्या अंधारातून तिरकी खाली सोडली की उंची कळते, त्याहून जास्त घातल्या की दुकान दिसायला लागतं.

संग्रहातली अनामिक चित्रं बघताना कागदाच्या कडा बघा. थरांच्या खुणा, अक्षरं, आकडे, मधोमध आखलेली उभी रेघ किंवा स्टेजची मोजपट्टी असेल तर तो सेटचा आराखडा. पूर्ण रंगवलेलं, कडेला चौकट आखलेलं, आकाशाचा तुकडा दाखवणारं असेल तर ते बहुधा विकायला किंवा संग्राहकासाठी केलेलं. आणि जिना मोजून बघा, पायऱ्यांवरून मनातल्या मनात चालत वर जा. नीट वर पोचता आलं तर तो माणूस सुतारांना सेट बांधायला देणार होता.

तुमचं चित्र सुरू केलंत की आधी नुसती पेन्सिलची आखणी पाठवा, टाचण्या कुठे टोचल्यात तेही दिसेल असा फोटो काढा, वॉश लावायच्या आधी कमानी तपासून देतो.